पस्तीस वेळा तिथेच

नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी आमच्या किरणोपचार विभागाच्या दारात एका आजींनी मला अडवलं. "ताई, उद्या पहाटे तेल-उटणं लावायचं का नाही?" गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी त्यांची पंचवीसपैकी अकरा सेशन झाली होती. ओटीपोटावर तीन खुणा होत्या, एक मधोमध आणि दोन दोन्ही कुशींवर. त्या पुसल्या तर दुसऱ्या दिवशी मशीनवरच्या मुली ओरडतात, हे त्यांना अनुभवानं ठाऊक झालेलं. मी म्हटलं, "डोक्याला, हातापायांना खुशाल लावा. पोटाला हात लावू नका, पाणी नुसतं वरून जाऊ द्या." आजींनी सुनेकडे बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे औंदा अर्धीच आंघोळ."

आमच्याकडे येणारे लोक या उपचाराला 'लाईट' म्हणतात, काही जण 'शेक' म्हणतात. खरं तर उजेड दिसत नाही आणि ऊबही लागत नाही. पेशंट सांगतो, "नुसतं झोपवलं आणि उठवलं." माझ्या मते यापेक्षा नेमकं वर्णन नाही. मी वैद्यकीय भौतिकशास्त्राचं काम करते. मशीनमधून किती मात्रा निघते आणि ती शरीरात कुठे पडते, याचा हिशेब ठेवणाऱ्यांतली मी. मशीनचा हिशेब आता बराच चोख झाला आहे. घोळ राहतो तो झोपवण्यात.

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला पुष्कळदा ३३ किंवा ३५ सेशन देतात, सोमवार ते शुक्रवार, सहा-सात आठवडे. पहिल्या दिवशी सीटी स्कॅन काढून त्यावर सगळा आराखडा बेततात. पुढे दररोज त्या स्कॅनमधल्या माणसासारखाच माणूस टेबलावर झोपवायचा असतो. हनुवटी तेवढीच वर, खांदे तेवढेच खाली, मान तेवढीच सैल. आपण स्वतःच्या गादीवरसुद्धा दोन रात्री सारखे झोपत नाही.

जुन्या लोकांना ही चिंता कमी होती, कारण त्यांचे किरणच ढोबळ होते. राँटगेनला १८९५मध्ये क्ष-किरण सापडले आणि दुसऱ्याच वर्षी ते उपचाराला लागले. पण ते कातडीजवळच बहुतेक जोर सोडायचे. १९५१मध्ये कॅनडात कोबाल्टची मशीनं आली आणि खोलवरच्या गाठीपर्यंत पोचणं सोपं झालं. कोबाल्टचा स्रोतच दीड-दोन सेंटिमीटर रुंदीचा, त्यामुळे किरणांची कड धूसर. त्यात डॉक्टर चौकोनही ऐसपैस आखायचे. अर्ध्या सेंटिमीटरची चूक त्या ऐसपैसपणात विरून जाई. आपल्या बीएआरसीनं बनवलेलं 'भाभाट्रॉन' याच घराण्यातलं, आणि स्वस्त, दणकट यंत्र म्हणून त्याची किंमत मी कमी लेखणार नाही.

त्याच काळात स्टॉकहोममध्ये लार्स लेक्सेल नावाचा मेंदूचा सर्जन दुसऱ्या टोकाला गेला होता. त्यानं पेशंटच्या कवटीला स्क्रूनं धातूची चौकट बसवली आणि चौकटीवरच्या मापांनी मेंदूतला बिंदू गाठला. १९५१मध्ये त्यानं या प्रकाराला 'रेडिओसर्जरी' हे नाव दिलं. अचूकता मिलिमीटरच्या आतली. पण हे एका बैठकीपुरतं जमतं. पस्तीस दिवस कोणी डोक्यात स्क्रू पिळून घेणार नाही.

मग मधला मार्ग म्हणून मास्क आला. आमच्या मोल्ड रूममध्ये तो बनताना बघण्यासारखा असतो. भोकाभोकांचा पांढरा प्लास्टिकचा ताव, चौकटीत बसवलेला. साधारण ६५ ते ७० अंशांच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवला की ओल्या पापडासारखा लुळा पडतो. दोघी जणी तो दोन्ही बाजूंनी धरतात, पाणी निथळवतात आणि उताण्या झोपलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर ताणून खालच्या फळीत अडकवतात. मग बोटांनी नाकाचा कणा, भुवयांची कड, हनुवटी दाबत बसायचं. प्लास्टिक गार होता होता घट्ट होतं आणि माणसाचा चेहरा त्यात उमटून राहतो. आधीच सांगून ठेवावं लागतं: कवळी आज काढली तर रोज काढा, दाढी आज केली तर रोज करा. एका काकांनी मास्क झाल्यावर झुपकेदार मिशा उतरवल्या. मग वरचा ओठ आणि प्लास्टिक यांच्यात फट पडली आणि तेवढ्यात चेहरा हलायला जागा झाली.

फट दुसऱ्या कारणानंही पडते आणि ते कारण हसण्यासारखं नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड सोलवटतं, गिळवत नाही, वजन उतरतं. तंबाखूनं आलेले तोंडाचे कॅन्सर आपल्याकडे इतके, की हे दृश्य रोजचं. सुरुवातीला घट्ट बसणारा मास्क सैल पडतो, जबडा आत वळतो आणि ज्या लाळग्रंथी वाचवायला इतका आटापिटा केला त्या सरकून किरणांच्या वाटेत येतात. तेव्हा नवा मास्क, नवा स्कॅन, नवा आराखडा. गर्दीच्या हॉस्पिटलात हे ज्याला लागतं त्या प्रत्येकाला वेळेवर मिळतंच असं मी म्हणणार नाही.

धडाला मास्क नसतो, तिथे खुणांवर भिस्त. खोलीच्या भिंतींतून आणि छतातून लेझरच्या बारीक रेघा येतात आणि जिथे भेटतात त्या बिंदूभोवती मशीन फिरतं. त्या रेघा अंगावरच्या खुणांवर पडल्या की पेशंट जागेवर, असं मानायचं. रेघा स्वतः जागेवर आहेत ना, हे रोज सकाळी तपासतात. २००९च्या अमेरिकन शिफारशींप्रमाणे साध्या उपचारासाठी २ मिलिमीटर आणि लेक्सेलसारख्या नेमक्या, स्टिरिओटॅक्टिक उपचारासाठी १ मिलिमीटरची सूट आहे. काही ठिकाणी खुणा शाईच्या, काही ठिकाणी सुईनं केलेलं कायमचं टिंब. टिंबाचं ऐकून एका मावशींनी मनगटावरचं गोंदण पुढे केलं होतं, "हे चालणार नाही का?"

शाई असो की गोंदण, खूण कातडीवर आणि गाठ आत. पोट सुटलेलं असलं तर कातडी बोटभर इकडेतिकडे होते. परकराची नाडी घट्ट बांधलेली असली तरी खूण सरकते. म्हणून गाठीभोवती थोडी जास्तीची जागा धरून किरण द्यावे लागतात. या जागेला आम्ही मार्जिन म्हणतो आणि ते फुकट मिळत नाही. ५ सेंटिमीटर व्यासाची गोल गाठ घ्या. घनफळ सुमारे ६५ घन सेंटिमीटर. सगळीकडून ५ मिलिमीटर वाढवली की ११३, आणि १० मिलिमीटर वाढवली की १८०. ही वाढ सगळी निरोगी शरीराची, आतड्याची, फुप्फुसाची, लाळग्रंथीची.

मार्जिन किती धरावं, याचं उत्तर पूर्वी प्रत्येक विभागाच्या अंदाजावर होतं. २००० साली ॲम्स्टरडॅमच्या कॅन्सर संस्थेतल्या मार्सेल व्हॅन हर्क यांनी आणि सहकाऱ्यांनी ते सूत्रात बसवलं. त्यांनी चुकांची दोन घराणी वेगळी केली. एक रोजची फिरती चूक: आज २ मिलिमीटर डावीकडे, उद्या १ उजवीकडे. दुसरी बसलेली चूक: तयारीच्या दिवशी जी झाली ती शेवटपर्यंत तेवढीच आणि त्याच बाजूला. शिंप्याची कात्री थोडी थरथरली तर शिवण वेडीवाकडी होते. टेपच इंचभर चुकीची असली तर कपडे अंगावर चढतच नाहीत. सूत्र असं: बसलेल्या चुकांच्या पसाऱ्याची अडीच पट अधिक फिरत्या चुकांच्या पसाऱ्याची ०.७ पट. तेवढं मार्जिन ठेवलं तर ९० टक्के पेशंटांमध्ये किरण द्यायच्या भागाला ठरल्या मात्रेच्या किमान ९५ टक्के मिळतात.

आकडे घालून बघू. दोन्ही चुकांचा पसारा २ मिलिमीटर असेल तर मार्जिन ६.४. मर मर करून रोजची फिरती चूक निम्म्यावर आणली, तर ५.७. तीच मेहनत बसलेल्या चुकीवर घातली आणि ती निम्मी केली, तर ३.९. मी विद्यार्थ्यांना हे फळ्यावर करून दाखवते आणि तरीही त्यांचा जीव नव्या मशीनवरच जडतो.

बसलेली चूक किती साध्या वेषात येते ते मी जवळून पाहिलं आहे. पूर्वी मी एका हॉस्पिटलात होते. मानेखालच्या उशांना तिथे ए, बी, सी अशी अक्षरं होती, प्रत्येकीची उंची वेगळी. एका पेशंटचा स्कॅन बी उशीवर झाला आणि कागदावर सी लिहिलं गेलं. मास्क कसाबसा बसला, लेझर खुणांवर पडले, सगळं ठीक दिसत होतं. उपचाराच्या पहिल्या दिवशीच्या इमेजमध्ये मानेच्या मणक्यांची कमान स्कॅनशी जुळेना, म्हणून पकडलं. त्या दिवशी मशीनवर इमेज घ्यायची सोय नसती, तर पस्तीसही दिवस सी उशी गेली असती.

ही सोय हळूहळू आली. आधी उपचाराच्या किरणांनीच फिल्म काढायचे. तीत हाडंसुद्धा धुक्यात दिसल्यासारखी. मग फिल्मच्या जागी इलेक्ट्रॉनिक पॅनेल आलं. मोठी उडी २००२च्या सुमारास. मिशिगनमध्ये डेव्हिड जाफ्रे यांच्या गटानं उपचाराच्या मशीनलाच एक क्ष-किरण नळी आणि पॅनेल जोडलं आणि साधारण मिनिटभराच्या एका फेरीत टेबलावरच्या पेशंटचा सीटी काढला. आता दोन स्कॅन पडद्यावर एकावर एक ठेवायचे आणि टेबल तेवढं सरकवायचं. काही टेबलं तिरपीही होतात, म्हणजे कलंडलेला पेशंटही दुरुस्त करता येतो.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुप्रिया चोप्रा आणि सहकाऱ्यांनी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर शस्त्रक्रिया झालेल्या ३०० स्त्रियांवर एक चाचणी केली, पार्सर नावाची. निष्कर्ष २०२१मध्ये आले. निम्म्यांना जुन्या पद्धतीचे किरण, निम्म्यांना आकार कोरलेले आणि इमेज बघून दिलेले. तीन वर्षांत आतड्यांचा मध्यम किंवा त्याहून तीव्र त्रास पहिल्या गटात ४२.४ टक्के, दुसऱ्यात २१.१. यात दोन गोष्टी एकदम बदलल्या, त्यामुळे श्रेय कुणाचं किती ते वेगळं काढता येत नाही. पण किरण कोरायचे आणि माणूस मात्र अंदाजानं झोपवायचा, यात काही अर्थ नाही, हेही तितकंच खरं.

जास्त बघितलं की जास्त चांगलं, असं मात्र सरसकट म्हणता येत नाही. प्रोस्टेटसाठी रोज इमेज की आठवड्यातून एकदा, अशी फ्रान्समधली ४७० पुरुषांची चाचणी २०१८मध्ये आली. रोजच्या गटात गुदाशयाचा त्रास कमी झाला, रक्तातला पीएसए, म्हणजे आजार परतल्याची खूण, पुन्हा चढण्याचं प्रमाणही कमी. पण एकूण जगण्याचा आकडा त्याच गटात वाईट निघाला, आणि तो कुणालाच अपेक्षित नव्हता. त्यावर अजून वाद आहे. मी स्वतः रोज इमेज घेण्याच्या बाजूची आहे, तरी तो आकडा विसरलेला मला चालत नाही.

श्वासाचं वेगळंच. फुप्फुसाच्या खालच्या भागातली गाठ श्वासागणिक सेंटिमीटर, कधी दोन सेंटिमीटर वरखाली होते. तिथे श्वासाच्या टप्प्याटप्प्याचे स्कॅन काढतात, नाहीतर गाठीचा माग काढत किरण फिरवतात. डाव्या स्तनाच्या उपचारात हाच श्वास कामाला येतो. छाती भरून श्वास रोखला की हृदय छातीच्या भिंतीपासून लांब जातं. हृदयाला पडणाऱ्या सरासरी मात्रेत दर ग्रेमागे (ग्रे हे मात्रेचं एकक) हृदयविकाराच्या मोठ्या घटना ७.४ टक्क्यांनी वाढतात, असं सारा डार्बी यांच्या गटानं २०१३मध्ये मांडलं. त्यामुळे वीस सेकंदांच्या त्या रोखलेल्या श्वासाला मोल आहे. 'श्वास रोखा' म्हटलं की बऱ्याच जणी खांदे उचलतात. 'विहिरीत बुडी मारताना भरता तसा भरा' म्हटलं की गावाकडच्या बायकांना लगेच जमतं.

पुढची मशीनं आणखी बारीक बघतात. युट्रेक्टमध्ये २०१७ साली एमआरआय जोडलेल्या मशीनवर पहिले पेशंट झाले. त्यात किरण चालू असताना अवयव हलताना दिसतात. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, टाटा मेमोरियलच्याच केंद्रात, प्रोटॉनचे किरण आले आहेत. प्रोटॉन ठरल्या खोलीवर थांबतात, म्हणून त्यांच्या वाटेत जरा अधिकउणं झालं तरी ते चुकीच्या जागी थांबतात. सेशनही कमी होत चालली आहेत. स्तनासाठी पाचच बैठका पुरतात, असं ब्रिटनमधल्या चाचणीनं २०२०मध्ये दाखवलं. पस्तीस दिवसांत फिरत्या चुका एकमेकींना थोड्या झाकतात. पाचात तेवढी उसंत नाही.

या सगळ्यापेक्षा माझ्या मनात घर करून बसलेला अभ्यास जुना आहे. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये प्रोस्टेटसाठी किरण घेतलेल्या १२७ पुरुषांचा. रनो द क्रेव्हॉझिए आणि सहकाऱ्यांनी तो २००५मध्ये छापला. उपचार रोज आत न बघता झालेले. ज्यांचं गुदाशय तयारीच्या स्कॅनच्या दिवशी मळानं किंवा वायूनं फुगलेलं होतं, त्यांच्यात आजार पुन्हा उद्भवण्याचा धोका लक्षणीय जास्त निघाला. कारण समजायला सोपं आहे. फुगलेल्या गुदाशयानं त्या दिवशी प्रोस्टेट पुढे ढकललेलं. आराखडा त्या जागेचा. नंतर पोट रिकामं झालं की प्रोस्टेट मागे यायचं आणि किरण आठवडेच्या आठवडे त्याच्या पुढच्या रिकाम्या जागेत नेमाने पडत राहायचे. मशीनचं काही चुकलेलं नव्हतं. फक्त स्कॅनचा दिवस चुकीचा निघाला होता.

म्हणून आमच्या स्कॅनच्या खोलीत पेशंटला पहिला प्रश्न लाजिरवाणा असतो: सकाळी पोट साफ झालं का? गेल्या महिन्यात एक निवृत्त मास्तर आले होते. "हो, झालं," म्हणाले. स्कॅन घेतला तर गुदाशय वायूनं टम्म. तंत्रज्ञ पोरगी नवी, बाहेर रांग, मागे कुणीतरी घड्याळ दाखवत होतं. तिनं मास्तरांना टेबलावरून उतरवलं आणि व्हरांड्यात फेऱ्या मारायला लावल्या, जमलं तर संडासला जाऊन या म्हणाली. ते पाऊण तासानं परत आले, मान खाली घालून म्हणाले, "झालं बरं का." दुसऱ्या स्कॅनमध्ये आत सगळं जागच्या जागी होतं. पहिला स्कॅन तिनं माझ्यासमोर पुसून टाकला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.