तापातील मेंदू : प्रतिकारशक्तीचे निरोप आणि चेतापेशींची वीज

ताप आला की अंग दुखते, तसे मनही मंदावते. नेहमीचा मजकूर वाचतानाही लक्ष ठरत नाही. याला केवळ रोगजंतू जबाबदार नसतात. त्यांच्याविरुद्ध शरीराने धाडलेले रासायनिक निरोपही मेंदूच्या कामात हस्तक्षेप करतात.

या विषयाच्या दोन्ही बाजूंचा पाया घालण्यात बर्लिनचा मोठा वाटा आहे. एमिल द्यू ब्वा-रेमाँ यांनी १८४० च्या दशकात येथे मज्जातंतूंतील विद्युत्प्रवाह मोजले. १८९० मध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी येथेच घटसर्प व धनुर्वात यांविरुद्धची रक्तातील प्रतिकारक्षमता सिद्ध केली. पुढे बराच काळ मज्जासंस्था आणि प्रतिकारशक्ती यांचा अभ्यास वेगवेगळ्या वाटांनी झाला.

विषाणूची चाहूल लागताच पेशी इंटरफेरॉन नावाची प्रथिने सोडतात. १९५७ मध्ये वर्णन झालेली ही प्रथिने शेजारच्या पेशींना सावध करतात. त्यांचा निरोप ओळखणारे रेणू चेतापेशींवरही असतात. विश्रांत चेतापेशीची आतली बाजू बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असते. हा समतोल पेशीच्या आवरणातील सूक्ष्म आयनमार्ग राखतात. त्यांपैकी एचसीएन-१ हा मार्ग पेशी अधिक ऋण झाली की उघडतो आणि तिला पूर्वस्थितीकडे आणतो. तिच्या तालबद्ध आंदोलनांतही त्याचा वाटा असतो.

बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातील उल्फ श्ट्राउस यांच्या गटाचे संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या प्रकारच्या इंटरफेरॉनांचे प्रमाण वाढले की एचसीएन-१ मार्ग दबतो आणि मेंदूच्या बाह्यकातील आंदोलने मंदावतात, असे त्यांना उंदरांच्या जातीतील प्राण्यांवर आढळले. माणसाच्या तापातील मरगळीचे हे एकमेव स्पष्टीकरण नव्हे. परंतु प्रतिकारशक्तीचा निरोप चेतापेशीच्या विजेपर्यंत कसा पोहोचू शकतो, हे त्यातून उलगडते.

या प्रश्नाला व्यावहारिक बाजूही आहे. इंटरफेरॉन-बीटा हे मल्टिपल स्क्लेरोसिसवरील औषध असून, बर्लिनच्याच शेरिंग कंपनीने ते १९९० च्या दशकात युरोपच्या बाजारात आणले. औषधासोबतच्या पत्रकात नैराश्याबाबत इशारा असतो. वरील प्रयोगांवरून त्या नैराश्याचे कारण ठरवता येत नाही. तथापि, उपचार सुरू असताना मन खिन्न राहू लागले, तर त्याला स्वभावदोष मानून गप्प बसू नये आणि औषधही परस्पर थांबवू नये. डॉक्टरांना तत्काळ सांगावे. मनाचा मंदपणा हा आळस वा दुबळेपणा असेलच असे नाही. त्यामागे शरीराचे संरक्षणकार्यही असू शकते.