पाचव्या महिन्यातील सोनोग्राफी : ही तारीख चुकवू नका

काही महिन्यांपूर्वी आमच्या कामाच्या वस्तीतील बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आली. सातवा महिना संपत आला होता आणि तिची पहिली सोनोग्राफी आदल्या दिवशी झाली होती. बाळाची कवटी आणि मेंदूचा मोठा भाग तयारच झालेला नव्हता. या दोषाला 'अनेनसेफली' म्हणतात. असे बाळ जन्मले तरी काही तास, फार तर काही दिवस जगते.

तिच्या सासूबाईंनी कारण आधीच शोधले होते. ग्रहणात हिने भाजी चिरली, म्हणून असे झाले. मुलीचा प्रश्न मात्र वेगळा होता. "ताई, हे आधी कळलं असतं का हो?"

हो, तीन महिने आधी कळले असते. तिने तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवले होते, इंजेक्शने घेतली होती, रक्त तपासले होते. पाचव्या महिन्यात कागदावर सोनोग्राफीही लिहून दिली होती. पण सरकारी रुग्णालयात लांबची तारीख मिळाली, खासगी केंद्रात पैसे लागणार होते, आणि ही सोनोग्राफी कशासाठी आहे हे तिला कुणीच सांगितले नव्हते. त्यामुळे ती पुढे ढकलली गेली.

ही तपासणी कशासाठी?

गरोदरपणात दोन-तीन वेळा सोनोग्राफी होते आणि प्रत्येकीचे काम वेगळे असते. 11 ते 13 आठवड्यांच्या तपासणीत बाळाच्या मानेमागील द्रवाची जाडी मोजतात. त्यासोबत आईच्या रक्ताची चाचणी केली, तर डाऊन सिंड्रोमची शक्यता किती आहे याचा अंदाज येतो. 18 ते 20 आठवड्यांत होणारी तपासणी म्हणजे 'अ‍ॅनॉमली स्कॅन'. यात मेंदू, पाठीचा कणा, हृदयाचे चार कप्पे, मूत्रपिंडे, पोटाची भिंत, हातपाय आणि ओठ असा एकेक अवयव पाहिला जातो. यात क्ष-किरण नसतात, ध्वनिलहरी वापरतात. त्यामुळे बाळाला किरणोत्साराचा धोका नसतो.

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पाळी 1 जानेवारीला आली असेल, तर अठरा आठवडे 7 मेच्या आसपास आणि वीस आठवडे 21 मेच्या आसपास पूर्ण होतात. म्हणजे हाताशी जेमतेम दोन आठवडे असतात.

काय दिसते, काय दिसत नाही?

अनेनसेफली, पाठीच्या कण्यातील मोठे दोष, मेंदूत साठलेले पाणी, हृदयाचे अनेक गंभीर दोष या तपासणीत दिसू शकतात. तरीही 'नॉर्मल' रिपोर्ट म्हणजे हमीपत्र नव्हे. काही दोष उशिरा दिसतात, काही बाळाच्या स्थितीमुळे सुटतात. ऑटिझम, बहिरेपण, अंधत्व सोनोग्राफीत सहसा कळत नाही.

सिकलसेलही सोनोग्राफीत दिसत नाही. विदर्भात बौद्ध आणि आदिवासी समाजात सिकलसेलचे वाहक मोठ्या प्रमाणात आहेत, म्हणून आपण हे विशेष लक्षात ठेवले पाहिजे. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. त्यासाठी रक्ताचीच तपासणी हवी. ती लग्नाआधी झाली तर उत्तम, निदान गरोदरपणाच्या सुरुवातीला तरी व्हावी.

ग्रहणाचे काय?

बाळाचा मेंदू आणि कणा ज्या नळीपासून बनतात, ती नळी गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांतच बंद होते. ओठ दुसऱ्या महिन्यात जुळतात. अनेकदा तोवर दिवस गेल्याचेही बाईला माहीत नसते. नंतरच्या एखाद्या ग्रहणात विळी हाती घेतल्याने जुळलेला ओठ दुभंगत नाही. ही नळी नीट बंद व्हावी म्हणून फॉलिक अ‍ॅसिडची गोळी गर्भधारणेच्या आधीपासून घ्यावी लागते. देव्हारे हलवलेल्या आपल्या घरांतही ग्रहण मात्र पाळले जाते आणि त्याचा दोष सुनेच्या माथी बसतो. कार्यकारणभाव सांगणाऱ्या तरुणांनी हे घरात बोलायला हवे.

'मुलगा की मुलगी'ची भीती

सोनोग्राफी म्हटले की लिंगनिदानाची शंका येते आणि ती उगाच येत नाही. या तंत्राचा गैरवापर इतका झाला की 1988 साली महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम त्याविरुद्ध कायदा केला. 1994 साली केंद्राचा कायदा आला. आज लिंग विचारणे आणि सांगणे दोन्ही गुन्हा आहे. म्हणूनच केंद्रावर ओळखपत्र मागतात, अर्ज भरून घेतात. त्याला घाबरू नये. दोष शोधण्यासाठी केलेली सोनोग्राफी पूर्णपणे कायदेशीर आहे.

दोष आढळला तर?

पहिल्या रिपोर्टवर निर्णय घेऊ नये. तज्ज्ञाकडून दुसरी सोनोग्राफी, गरज असल्यास बाळाच्या हृदयाची वेगळी तपासणी किंवा गर्भजलाची तपासणी करतात. मूत्रपिंडाची किरकोळ सूज बऱ्याचदा आपोआप ओसरते. दुभंगलेला ओठ शस्त्रक्रियेने, वळलेले पाऊल बहुधा प्लास्टरने सुधारते. हृदयदोष आधी कळला, तर नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात बाळंतपण ठरवता येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि शस्त्रक्रियेसाठीही मदत मिळते. 2013 साली या कार्यक्रमाची सुरुवात आपल्या पालघरमधूनच झाली.

काही दोष मात्र जगण्याशी विसंगत असतात. 2008 साली एका दांपत्याने गर्भाच्या हृदयदोषामुळे मुंबई उच्च न्यायालयात गर्भपाताची परवानगी मागितली होती. तेव्हा मर्यादा 20 आठवड्यांची होती आणि परवानगी नाकारली गेली. 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे, तर गर्भातील गंभीर दोषासह ठरावीक कारणांसाठी 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत लागते. त्यानंतर गर्भात मोठा दोष असेल, तर वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकते. प्रौढ स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही.

इथे एक सावधगिरी हवी. अपंग मूल म्हणजे नकोसे मूल, असा अर्थ कुणी काढू नये. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या व्यवस्थेचे चटके आपण सोसले आहेत. अपंग व्यक्तीचा सन्मानाने जगण्याचा हक्क 2016 च्या कायद्याने मान्य केला आहे. तपासणीने आईला माहिती आणि वेळ मिळते. निर्णय तिचा असतो. तिने बाळ वाढवायचे ठरवले तरी समाजाने तिच्यासोबत उभे राहावे, आणि नाही ठरवले तरीही.

आपण काय करू शकतो?

वस्तीतील गरोदर स्त्रियांची यादी आशाताईंकडे असते. त्यांच्याशी बोलून प्रत्येकीच्या अठराव्या आठवड्याची तारीख माता व बाल संरक्षण कार्डावर ठळक लिहून घ्यावी. सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली गरोदर स्त्रीच्या तपासण्या सोनोग्राफीसह मोफत आहेत. दर महिन्याच्या 9 तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाचे शिबिर असते. तिथे लांबची तारीख मिळाली, तर किती आठवडे झाले आहेत हे डॉक्टरांना दाखवून जवळची तारीख मागावी. एकट्या सुनेला हे जमत नाही. सोबत एक कार्यकर्ता असला की जमते.

त्या मुलीचे प्रकरण वैद्यकीय मंडळापुढे गेले आणि परवानगी मिळाली. पण सातव्या महिन्यात त्यातून जाणे शरीराला आणि मनाला किती जड गेले, हे मी जवळून पाहिले. आता ती पुढच्या वेळेचा विचार करते आहे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने आत्तापासूनच फॉलिक अ‍ॅसिडची जास्त मात्रेची गोळी घेते. तिच्या गल्लीत आणखी दोघी गरोदर आहेत. त्यांचे आठवडे आता तीच मोजते.