बर्ड फ्लूचं ट्रेनिंग घेतलं, पण शेडवर काय बदललं?



पोल्ट्री सुरू करायची म्हटलं की आपण पिल्लं, खाद्य, शेड, बाजारभाव असा सगळा हिशेब मांडतो. रोगाचा हिशेब मात्र राहून जातो. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला आणि लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. २०२१ मध्ये तो नवापुरात पुन्हा आला.

म्हणून जागरूकतेचं प्रशिक्षण घ्याच. पण चहा-नाश्ता, ग्रुप फोटो आणि सर्टिफिकेट म्हणजे प्रशिक्षण नव्हे. ते कामाचं आहे का, हे तपासायला डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांची चार पायऱ्यांची पद्धत वापरा.

१. पटलं का? शिकवलेलं तुमच्या शेडच्या आकाराला आणि खिशाला झेपणारं आहे का?

२. समजलं का? सुरुवातीला आणि शेवटी तेच प्रश्न विचारले, तरच फरक कळतो. उदाहरणार्थ, चिकन किती तापमानाला शिजवलं की विषाणू मरतो? उत्तर: आतपर्यंत ७० अंश सेल्सिअस.

३. सवय बदलली का? तीन महिन्यांनी शेडवर या. दारात जंतुनाशकाचं पाणी आहे का? शेडची चप्पल वेगळी आहे का? बाहेरून आलेले अंड्यांचे ट्रे धुतले जातात का? आणि हे सगळं मालकालाच नाही, कामगारालाही माहीत आहे का?

४. परिणाम काय? अचानक मर वाढली, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात किती तासांत कळवलं जातं?

हा चौथा प्रश्न थेट पैशाचा आहे. सरकारी भरपाई नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच रोगाने मेलेल्यांची नाही. दोन दिवस लपवलं की नुकसान तुमचंच, आणि शेजाऱ्याचा धोकाही वाढला.

"आमच्या ट्रेनिंगनंतर गावात रोग आलाच नाही" असं कुणी म्हणालं, तर लगेच भुलू नका. काही न करताही रोग वर्षानुवर्षं येत नाही. मोजायची ती सवय.

तेव्हा पुढच्या वेळी फी भरण्याआधी आयोजकांना एकच विचारा: "तीन महिन्यांनी आमच्या शेडवर बघायला याल का?" उत्तर 'हो' आलं, तर बिनधास्त नाव नोंदवा. आणि मर नोंदवायची वही आजच सुरू करा. तिला फी लागत नाही!