आवाज मोठा, शब्द गुल

‘‘काय म्हणाला तो?’’

गेली दोन-तीन वर्षं आमच्या दिवाणखान्यात एकही सिनेमा या प्रश्नाशिवाय पार पडलेला नाही. प्रश्न बाबांचा, उत्तर आईचं आणि ते देईपर्यंत पुढची दोन वाक्यं दोघांचीही हुकलेली. मग रिमोट घ्यायचा, आवाज वाढवायचा. तो वाढवला की नेमकी मारामारी सुरू होते आणि खिडकीच्या काचा थरथरतात. मग पुन्हा कमी. टीव्ही चांगला पंचावन्न इंची; पण हल्लीचे टीव्ही इतके सडपातळ झालेत की, धड स्पीकर बसायला त्यांत जागाच उरत नाही. जे असतात ते खाली किंवा मागे तोंड करून. दोष टीव्हीचा, असं मी ठरवून टाकलं आणि गेल्या दिवाळीत एक थोराड एव्ही रिसिव्हर, पाच स्पीकर आणि एक सबवूफर घरी आणला. एकूण खर्चाचा आकडा आईला अजून सांगितलेला नाही.

रिसिव्हर म्हणजे होम थिएटरचं स्वयंपाकघर. सेट-टॉप बॉक्स, इंटरनेटवरून सिनेमे दाखवणारी काडी, गेमचा डबा या सगळ्यांच्या केबल त्याच्याकडे येतात. चित्र तो पुढे टीव्हीला देतो. आवाज मात्र स्वतःकडे ठेवतो, त्यातले समोरचे, बाजूचे, डोक्यावरचे प्रवाह वेगळे करतो आणि ज्याचा वाटा त्या स्पीकरला पोचवतो. साधा रिसिव्हर आणि महागडा रिसिव्हर यांत फरक काय, असं दुकानात विचारलं की उत्तर मिळतं ते वॅटमध्ये.

इथे थोडं गणित करायला हवं, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. डेसिबलची मोजपट्टी आपल्या फूटपट्टीसारखी सरळ चढत नाही. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला तो ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. ९० वॅटचा रिसिव्हर सोडून १५० वॅटचा घेतला तर पदरात पडतात जेमतेम २ डेसिबल. घरगुती स्पीकर एका वॅटवर, एक मीटर अंतरावर साधारण ८७ डेसिबल आवाज देऊ शकतो; त्यामुळे रात्रीच्या बातम्या ऐकताना अख्खा एक वॅटही खर्च होत नाही. शिवाय खोक्यावरचा आकडा कसा मोजलाय तेही पाहावं. ‘एकच चॅनेल चालू, ६ ओहम, १० टक्के विकृती’ अशा अटींवर मोजलेले १५० वॅट आणि ‘दोन चॅनेल चालू, ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ, ०.०८ टक्के विकृती’ या अटींवरचे ९० वॅट यांत मी डोळे मिटून दुसरा घेईन.

जास्त पैसे मोजायचेच असतील, तर ते खोलीचा आवाज दुरुस्त करणाऱ्या यंत्रणेसाठी मोजावेत. प्रत्येक कंपनी तिला वेगळं नाव देते, काम तेच. रिसिव्हरसोबत एक छोटा माइक येतो. तो आपण बसतो तिथे, कानाच्या उंचीवर ठेवायचा. स्पीकर आळीपाळीनं ‘हुईईक’ असा चढता सूर काढतात आणि प्रत्येक स्पीकर किती अंतरावर आहे, खोली कुठला सूर फुगवते, कुठला खाते हे यंत्र मोजून घेतं. या वेळी घरात शांतता हवी. माझ्या पहिल्या मोजणीत शेजारच्या कुकरनं तीन शिट्ट्या दिल्या, दुसऱ्या मोजणीत भंगारवाला आला. शेवटी पहाटे पाचला उठून काम उरकलं.

खोली आवाज खाते म्हणजे काय? आमची खोली १२ फूट रुंद. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. या रुंदीत साधारण ४७ हर्ट्झच्या खर्जाची अर्धी लाट बरोबर मावते आणि ती दोन भिंतींमध्ये अडकून उभी राहते. भिंतीलगत तो सूर घुमतो, मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. आमचा सोफा भिंतीला टेकलेला. म्हणून दर वेळी दार आपटलं की स्फोट झाल्यासारखं वाटायचं. रिसिव्हर असा फुगलेला सूर छाटू शकतो. पण जिथे सूर नाहीसाच होतो तिथे तो कितीही जोर लावला तरी भरून काढता येत नाही, कारण थेट आलेली लाट जितकी वाढेल तितकीच तिला खोडणारी परतीची लाटही वाढते. सोफा दीड फूट पुढे ओढला, फरशीवर जुनी सतरंजी घातली, जाड पडदे लावले. खरं सांगायचं तर महागड्या यंत्रणेइतकाच फरक या फुकटच्या उपायांनी पडला. छतावरचा पंखाही पाचवरून तीनवर आणला, कारण त्याच्या घरघरीत हळू उच्चारलेली अक्षरं बुडतात.

इतकं झाल्यावर सगळे बसलो. मला, आईला, मुलीला प्रत्येक शब्द सुटा ऐकू येत होता. बाबा म्हणाले, ‘‘काय म्हणाला तो?’’

मी इरेला पेटलो. संवाद मुख्यतः मधल्या, टीव्हीखालच्या स्पीकरमधून येतात, म्हणून त्याचा आवाज ३ डेसिबलनं वाढवला. हा उपाय कुणीही करून पाहावा असा आहे. रिसिव्हरच्या मेन्यूत ‘सेंटर’ म्हणून सापडतो. थोडी सुधारणा झाली. मग लक्षात आलं की बाबांना बातम्या नीट कळतात, मराठी मालिका कळतात. अडतं ते दाक्षिणात्य सिनेमांच्या हिंदी डबिंगपाशी. कदाचित ओठ आणि आवाज मागेपुढे होत असतील, असं वाटलं. ही अडचण खरीच असते. टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात काही क्षण घालवतो आणि आवाज चित्राच्या आधी पोचतो. आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी माणसाला खटकू लागतं. उशिरा आला तर मात्र सव्वाशे मिलिसेकंदांपर्यंत चालून जातं. विजेनंतर गडगडाट ऐकायची सवय असलेला आपला मेंदू उशिराला माफ करतो, घाईला नाही. रिसिव्हरमध्ये ही वेळ जुळवता येते. मी जुळवली. बातम्यांचे ओठ अगदी बरोबर बसले, डबिंगचे अर्थातच बसेनात.

तेव्हा आई सहज म्हणाली, ‘‘अरे, ते तोंडाकडे बघूनच ऐकतात. मी स्वयंपाकघरातून हाक मारली तर ओ देत नाहीत.’’

बाबा एकतीस वर्षं छापखान्यात होते, बहुतेक रात्रपाळी. यंत्रं चालू असताना तिथे कुणी कुणाशी बोलून उपयोग नसे. ‘‘आम्ही ओठ वाचायचो,’’ हे त्यांनी आम्हाला लहानपणी गमतीनं सांगितलं होतं. आपण सगळेच थोडे ओठ वाचतो. १९७६ साली मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की, कानावर ‘बा’ पडत असताना डोळ्यांसमोरचे ओठ ‘गा’ म्हणत असतील, तर अनेकांना चक्क ‘दा’ ऐकू येतं. बाबांच्या बाबतीत डोळ्यांचा वाटा फार मोठा झाला होता, इतकंच. डबिंगमध्ये ओठ तेलुगू बोलतात आणि आवाज हिंदी. त्यांचा आधारच निघून जात होता.

श्रवणतज्ज्ञांकडे जायला ते तयार होईनात. ‘‘मला ऐकू येतं. हल्लीचे नटच पुटपुटतात.’’ यात तथ्य नाही असं नाही. पण तपासणीच्या कागदावरची रेघ बोलकी होती. खालच्या सुरांना जवळजवळ सपाट, २,००० हर्ट्झनंतर घसरण आणि ४,००० च्या आसपास खड्डा. दीर्घकाळ मोठ्या आवाजात काम केलेल्यांच्या कानात हा खड्डा वारंवार सापडतो. अंतर्कर्णाच्या शंखात प्रत्येक बाजूला सुमारे पंधरा हजार केशपेशी असतात. उंच सूर टिपणाऱ्या पेशी शंखाच्या तोंडाशी असतात आणि बहुधा त्याच आधी जातात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

आता ‘काय म्हणाला तो’चा उलगडा होतो. बोलण्यातला जोर स्वरांत असतो, आ, ओ, ऊ. हे खालच्या पट्टीत असतात आणि बाबांना छान ऐकू येतात. शब्द ओळखू येतो तो मात्र व्यंजनांवरून. ताप, थाप, साप, शाप यांतला ‘आ’ तोच. फरक करणारी पहिली अक्षरं क्षीण आणि बरीचशी उंच पट्टीतली. म्हणून कुणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते नाही. रिमोटनं आवाज वाढवला की व्यंजनांसोबत स्वर आणि ढोलताशेही वाढतात. त्यात आणखी एक गुंता असतो. केशपेशी कमी झालेल्या कानाला हळू आवाज ऐकू येत नाही. पण मोठा आवाज मात्र इतरांइतकाच, कधी अधिकच टोचतो. ‘हळू बोललास तर कळत नाही, मोठ्यानं बोललास तर ओरडतोस’ ही घरोघरची तक्रार चिडचिडेपणा नसतो, शरीरशास्त्र असतं.

अशा घरासाठी रिसिव्हरमधलं एक बटण फार मोलाचं आहे. ‘नाइट मोड’ किंवा ‘डायनॅमिक रेंज’ या नावानं ते असतं. कुजबुज उचलायची आणि स्फोट दाबायचा, हे त्याचं काम. शौकीन मंडळी याला पाप समजतात. समजू देत.

त्या तपासणीनंतर मी स्वतःच्या आणि मुलीच्या कानांचा हिशेब मांडला. रिसिव्हरच्या पडद्यावर आवाजाचा आकडा उणे दिसतो, -३०, -२०, असा. शून्य म्हणजे सिनेमागृहाची प्रमाण पातळी. यंत्र नीट जुळवलेलं असेल तर तिथे एकेका स्पीकरचा कमाल आवाज १०५ डेसिबलपर्यंत आणि सबवूफरच्या प्रवाहाचा ११५ पर्यंत जाऊ शकतो. म्हणजे -२० वर हा कमाल आवाज ८५ आणि सरासरी त्याहून पुष्कळ खाली. हा आकडा समजला की रिसिव्हर हे एक चांगलं सुरक्षेचं साधनही ठरतं, साध्या टीव्हीच्या ‘४२’ला काहीच अर्थ नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्यांनी आठवड्याला ८० डेसिबल ४० तास ऐकलं तर चालतं. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, त्यामुळे ९० डेसिबलला उरतात चार तास. मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबल. आमच्या रिसिव्हरची कमाल पातळी मी मेन्यूतून -१५ वर बांधून टाकली. मुलीला अजून वाटतं, यंत्रच तेवढं आहे.

हळू आवाजात खर्ज पोचत नाही, ही तक्रार मात्र खरी आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं होतं की, आवाज कमी होतो तसा आपला कान खालच्या सुरांना अधिक बहिरा होतो. चांगले रिसिव्हर आवाज कमी करताना तेवढा खर्ज आपोआप भरून देतात. तो भरताना शेजाऱ्यांची आठवण ठेवावी लागते. ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते, सहा इंची भिंत तिला अडवू शकत नाही. सबवूफरखाली जाड रबर घातलं, जमिनीतून जाणारा थोडा कंप कमी झाला. बाकी उपाय रात्री दहानंतर तो बंद करणं हाच.

बाकी सांभाळणं सोपं. हे यंत्र तापतं. बंद कपाटात कोंबू नये, वर वीतभर जागा सोडावी, त्यावर सेट-टॉप बॉक्स आणि गणपतीची मूर्ती ठेवू नये. आतली कपॅसिटरं उष्णतेनं लवकर म्हातारी होतात. आपल्या शहरात दुरुस्ती होते का, हे घेण्याआधी विचारावं. आणि बारा बाय पंधराच्या खोलीला अकरा स्पीकर लागत नाहीत.

बाबांनी जानेवारीत श्रवणयंत्रं घेतली. पहिले दहा दिवस त्यांना पेपरची घडी उलगडल्याचा आवाजही सहन होईना, मग सवय झाली. सिनेमा आता -३० वर चालतो, खाली अक्षरंही लावलेली असतात. एक नवी गंमत मात्र झाली. गर्दीत समोरच्याचं बोलणं कळावं म्हणून त्यांचं श्रवणयंत्र मागून येणारे आवाज दाबतं आणि मी हौसेनं मागे लावलेले दोन स्पीकर त्याला गर्दीच वाटतात. हेलिकॉप्टर मागून आलं की आम्ही वळून बघतो, बाबा आमच्याकडे बघतात. टीव्हीसाठी दाब काढलेला वेगळा प्रोग्रॅम यंत्रात घालता येतो, असं श्रवणतज्ज्ञ म्हणाल्या आहेत. पुढच्या मंगळवारी जायचंय.