फिनो शेरी

फिनो शेरी ही दक्षिण स्पेनमधील आंदालुसिया प्रदेशात, मुख्यतः कादिस प्रांतात, तयार होणारी पांढरी फोर्टिफाइड वाइन आहे. ज्या वाइनमध्ये वरून मद्यार्क मिसळून तिची तीव्रता वाढवलेली असते, तिला फोर्टिफाइड वाइन म्हणतात. अशा वाइन गोड असतात व जेवणानंतर घ्यायच्या असतात, असा सर्वसाधारण समज आहे. फिनो मात्र 'कोरडी', म्हणजे जवळजवळ साखरविरहित असते. ती थंड करून, ताजी असताना आणि खाद्यपदार्थांबरोबर घेतली जाते.

निर्मिती

हेरेथ दे ला फ्रोन्तेरा हे शहर शेरीचे प्रमुख केंद्र असून 'शेरी' हे नाव त्याच शहराच्या नावावरून पडले. येथील पांढऱ्या, चुनखडीयुक्त जमिनीत वाढणाऱ्या पालोमिनो जातीच्या द्राक्षांपासून फिनो तयार करतात. किण्वन पूर्ण झाल्यावर वाइनमध्ये सुमारे ११ ते १२ टक्के मद्यार्क असतो. तो १५ टक्क्यांपर्यंत वाढवून वाइन ओकच्या पिंपांत ठेवतात. पिंपे काठोकाठ न भरता वरचा सुमारे एक षष्ठांश भाग रिकामा ठेवला जातो.

या मोकळ्या जागेत वाइनच्या पृष्ठभागावर यीस्टचा पांढरा थर वाढतो. त्याला 'फ्लोर' म्हणतात. हा थर हवेतील ऑक्सिजन वाइनपर्यंत पोहोचू देत नाही, त्यामुळे तिचा रंग फिकट राहतो. यीस्ट वाइनमधील ग्लिसरॉल वापरून टाकते व अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार करते. त्यामुळे वाइन हलकी होते आणि तिला बदाम, हिरवे सफरचंद व भिजवलेल्या कणकेची आठवण करून देणारा गंध येतो. मद्यार्क १७ टक्क्यांवर गेल्यास फ्लोर टिकत नाही.

जुन्या पिंपांतून थोडी वाइन काढून तेवढीच कमी वयाची वाइन भरण्याच्या पद्धतीला 'सोलेरा' म्हणतात. नव्या वाइनमुळे फ्लोरला पोषण मिळत राहते.

वाढण्याची पद्धत

बाटलीत फ्लोरचे संरक्षण नसल्याने फिनो फार काळ साठवून ठेवत नाहीत. ती ७ ते ९ अंश सेल्सिअस तापमानाला वाढतात. उघडलेली बाटली बूच लावून शीतकपाटात ठेवावी लागते व साधारण आठवड्याच्या आत संपवावी लागते. अन्यथा गंध मंदावतो. पारंपरिक निमुळत्या पेल्याऐवजी पांढऱ्या वाइनचा साधा पेलाही चालतो. मद्यार्क नेहमीच्या वाइनपेक्षा जास्त असल्याने ती कमी प्रमाणात वाढली जाते.

खाद्यपदार्थांशी मेळ

खारवलेले ऑलिव्ह, भाजलेले बदाम, 'हामोन' हे मिठात मुरवलेले डुकराचे मांस, तळलेले मासे आणि कोळंबी हे फिनोचे नेहमीचे सोबती होत. तिचा कोरडेपणा तळलेल्या पदार्थांचा तेलकटपणा जाणवू देत नाही. तिच्यात आम्लता कमी असल्याने व्हिनेगर घातलेले सॅलड किंवा गास्पाचो हे थंड सूप यांच्याबरोबरही ती जुळते. इतर अनेक पांढऱ्या वाइन अशा पदार्थांपुढे अधिकच आंबट लागतात. गोड पदार्थांबरोबर मात्र फिनो रूक्ष लागते; त्यांच्यासाठी पेद्रो हिमेनेथसारखी गोड शेरी वापरतात.