परदेश दौरा आणि ओझरचा विमान कारखाना

मंत्री परदेश दौऱ्यावर निघाले की त्यातून आपल्या पदरात काय पडणार, असा प्रश्न बोरीसारख्या गावात विचारला जाणे स्वाभाविक आहे. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील या गावाला विमानउद्योग ही फार दूरची बाब वाटावी. तथापि या प्रश्नाचे उत्तर देणारे एक उदाहरण महाराष्ट्राच्याच भूमीवर, नाशिक जिल्ह्यातील ओझर येथे, साठ वर्षांपासून उभे आहे.

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर श्री. यशवंतराव चव्हाण यांनी राज्याचे मुख्यमंत्रिपद सोडून देशाच्या संरक्षण खात्याची धुरा स्वीकारली. पुढील वर्षी ते नाशिक मतदारसंघातून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. मिग-२१ या स्वनातीत विमानाबाबत सोव्हिएत संघाशी करार त्यांच्यापूर्वीच, १९६२ मध्ये झाला होता आणि १९६३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र सरकारी कंपनीही स्थापन करण्यात आली होती. त्यामुळे कारखान्याचे सारे श्रेय एका दौऱ्यास देणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु करारावरील सही आणि कारखान्यात फिरू लागलेले यंत्र यांच्यामध्ये पुष्कळ अंतर असते.

मे १९६४ मध्ये श्री. चव्हाण प्रथम अमेरिकेस गेले. एफ-१०४ ही आधुनिक लढाऊ विमाने मिळावीत, ही भारताची मागणी तेथे मान्य झाली नाही. दौरा चालू असतानाच २७ मे रोजी पंडित नेहरूंचे निधन झाले व त्यांना तातडीने परतावे लागले. ऑगस्टअखेर ते मॉस्कोला गेले. सप्टेंबरमध्ये तेथे झालेल्या करारान्वये मिग विमाने भारतात तयार करण्यासाठी सोव्हिएत साहाय्य निश्चित झाले. त्यानंतर लगेच, १ ऑक्टोबर १९६४ रोजी, बंगलोरची जुनी विमान कंपनी आणि मिगसाठी स्थापन झालेली कंपनी यांचे एकत्रीकरण होऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड अस्तित्वात आली. विमानाचा सांगाडा ओझर येथे, इंजिन ओरिसातील कोरापुट येथे व इलेक्ट्रॉनिक सामग्री हैदराबाद येथे, अशी कामाची विभागणी करण्यात आली.

विमाने विकत घेणे आणि ती परवान्याखाली तयार करणे यांतील फरक येथे ध्यानात घेतला पाहिजे. विकत घेतलेल्या विमानाबरोबर वापरण्याची विद्या येते. परवान्याबरोबर घडविण्याची विद्या येते. ओझरला प्रथम बाहेरून आलेले तयार भाग जोडून विमाने उभी करण्यात आली. नंतर मोठे भाग येथेच बनू लागले आणि अखेर कच्च्या मालापासून काम सुरू झाले. पूर्णतः कच्च्या मालापासून घडविलेले पहिले मिग-२१ १९७० मध्ये वायुदलाच्या स्वाधीन झाले. आराखडे रशियन भाषेतील. ते समजून घेऊन साचे बनविणे, पत्र्याला अचूक वळण देणे, रिव्हेटची ओळ जराही न चुकता बसविणे, ही कामे फिटर, टर्नर आणि यंत्रकारागीर यांनी वर्षानुवर्षे केली. पुढच्याच वर्षी, १४ डिसेंबर १९७१ रोजी, मिग-२१ विमानांनी ढाक्याच्या गव्हर्नर निवासावर हल्ला चढविला.

या मार्गाला मर्यादाही होती. परवाना विमान घडवू देतो, त्याचा मूळ आराखडा बदलण्याचा अधिकार सहसा देत नाही. बंगलोर येथे देशातच आखलेले ‘मारुत’ हे विमान १९६१ मध्ये आकाशात झेपावले होते. मात्र योग्य इंजिनाअभावी ते मागे पडले. परदेशी विमान घडविण्यात हात गुंतलेले असताना स्वतःच्या संकल्पनाकार्याला हवे तितके बळ मिळाले नाही, असे म्हणावे लागते. हलक्या लढाऊ विमानाचा प्रकल्प १९८३ मध्ये मंजूर झाला, तर त्याचे पहिले उड्डाण २००१ उजाडल्यावर झाले.

ओझरचे कौशल्य मात्र वाया गेले नाही. मिग-२१ नंतर मिग-२७ आणि २००० च्या करारानुसार सुखोई-३० ही विमाने तेथे तयार झाली. मिग-२१ ने २६ सप्टेंबर २०२५ रोजी वायुदलाचा निरोप घेतला. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, त्याच ओझरमध्ये स्वदेशी ‘तेजस’च्या उत्पादनशाखेचे उद्घाटन संरक्षणमंत्री श्री. राजनाथ सिंह यांच्या हस्ते झाले.

बोरीच्या तरुणाला या साखळीत शिरण्यासाठी मॉस्को गाठावे लागत नाही. दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर, टर्नर वा मशिनिस्टचा व्यवसाय शिकावा आणि शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ खाली निघणाऱ्या जागांसाठी अर्ज करावा. परभणीहून मनमाडमार्गे नाशिककडे जाणारी गाडी आहे, आणि नाशिक शहरापासून ओझर सुमारे वीस किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत आहे.