पोथ्या बुडाल्या, आचार उरला

ख्रिस्ती धर्म इंग्रजांबरोबर आला आणि यहुदी म्हणजे कोठले तरी दूरदेशचे लोक, अशी समजूत आमच्या घरांतून अद्यापि आढळते. आमच्या यवतमाळास १९५३ सालीं युनियन बिब्लिकल सेमिनरी स्थापन झाली व १९८३ सालीं ती पुण्यास गेली. तीस वर्षांच्या त्या शेजारानेंहि आमची ही समजूत हालली नाहीं, हें आम्ही प्रांजळपणें कबूल करतों.

वस्तुतः इतिहास निराळेंच सांगतो. सहाव्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या कॉस्मास नांवाच्या व्यापाऱ्यानें 'कल्लियाना' येथें इराणांत दीक्षा घेतलेला बिशप असल्याचें लिहून ठेविलें आहे. हें स्थळ म्हणजे आपलें कल्याणच, असें बहुतेक पंडित मानतात. १३२१ सालीं ठाण्यास चार फ्रान्सिस्कन साधु मारले गेले, तेव्हां तेथें नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबें नांदत होतीं. वास्को द गामा कालिकतास उतरला तो १४९८ सालीं!

यहुद्यांची कथा याहूनहि मनोवेधक आहे. अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर गलबत फुटलें, सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, अशी बेने इस्राएल लोकांची परंपरा आहे. काळाविषयीं पंडितांत मतभेद आहेत. धर्मग्रंथ समुद्रांत गेले. परंतु शनिवारीं घाणा बंद ठेवणें, मुलाची आठव्या दिवशीं सुंता करणें व 'शेमा' ही प्रार्थना म्हणणें त्यांनीं सोडलें नाहीं. म्हणून कोंकणांत त्यांस 'शनवार तेली' म्हणूं लागले. गांवांवरून ते पेणकर, रोहेकर, दिवेकर झाले. सामाजी हसाजी दिवेकर यांनीं १७९६ सालीं मुंबईंत पहिलें प्रार्थनामंदिर बांधिलें. १८४६ सालीं त्यांच्या वल्हांडण सणाची पोथी मराठी भाषांतरासह मुंबईंत छापली गेली.

पुढें यांतील पुष्कळजण इस्राएलांत गेले. तेथें १९६२ सालीं कांहीं धर्माधिकाऱ्यांनीं त्यांच्या यहुदीपणाविषयींच शंका घेऊन त्यांच्या विवाहांस हरकत घेतली. मोठी चळवळ झाली. १९६४ सालीं तेथील संसदेनें हे सर्व बाबतींत पूर्ण यहुदीच होत, असें जाहीर केलें. ज्यांनीं पोथीवांचून धर्म राखिला, त्यांसच आपल्या धर्माचा पुरावा देणें भाग पडावें, हें केवढें दुर्दैव!

वेद ज्यांनीं मुखपाठानें जपले, त्यांच्या घरीं तरी या निष्ठेचें मोल सांगावयास नको. मुलांनीं 'हे परके कोण?' असें विचारल्यास वडील मंडळींनीं ही हकीकत अवश्य सांगावी.